शनिवारी रिकाम्या बाकावर

८ जून

प्रिय आत्या,

सलाम. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा नुसती घंटी वाजत राहिली. शेवटी तुझ्या शेजारच्या नर्सबाईंना लावला, तेव्हा कळलं की तू ठणठणीत आहेस आणि ‘त्याला म्हणावं पत्र लिही’ असा तुझा हुकूम आहे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जगाच्या लाइनी जोडल्यास आणि भाच्याचीच तेवढी तोडलीस. असो, हुकूम शिरसावंद्य.

इथे पाळक म्हणून रुजू होऊन तीन महिने झाले. चर्च लहान आहे. दोन्ही बाजूंना सात-सात बाक, पुलपिटाचा, म्हणजे उपदेशाच्या मेजाचा, एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी, आणि माझ्या अगदी समोर, मागच्या भिंतीवर, एक जुनं लंबकाचं घड्याळ. ते घड्याळ माझ्या वाईटावर टपलेलं आहे. उपदेश सुरू झाला की दहाव्या मिनिटाला पहिली मान मागे वळते आणि पंधराव्या मिनिटाला निम्मी मंडळी मला पाठ दाखवते. आमचे सेक्रेटरी शाळेत ड्रॉइंग शिकवतात. ते एकदा म्हणाले की उपदेश चांगला होता, लवकर संपला असता तर आणखी चांगला झाला असता.

तुला माहीत आहे मी किती मनाला लावून घेतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं करून पाहिलं. तीन मुद्दे घेतले, मग दोन, मग एकच. आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. माइक बसवून घेतला. बाबा पाळक असताना शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये एकेका बाकावर जाऊन बसायचे, आठवतं? आवाज कुठवर पोचेल याचा अंदाज घेत असणार. माइकमुळे माझा तो व्याप वाचला, पण माना काही वळायच्या थांबेनात.

परवाच्या रविवारी थांबल्या. क्षमेवर बोलत होतो. म्हणालो, दोन भाऊ होते. वडिलांच्या दुकानात मधे भिंत घालण्यावरून भांडले आणि अकरा वर्षं एकाच रस्त्यावर राहून एकमेकांशी बोलले नाहीत. मग थोरला गेला. त्याची अंत्ययात्रा धाकट्याच्या दुकानासमोरून निघाली तेव्हा धाकट्यानं आतून शटर ओढून घेतलं आणि अंधारात उभं राहून बाहेरची पावलं मोजली. पावलं संपली तरी तो मोजतच होता, असं म्हणालो आणि थांबलो. आत्या, टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बायका डोळे पुसत होत्या. सेक्रेटरींनी चष्मा काढला. एक-दोन माना वळल्या खऱ्या, पण लगेच खाली झुकल्या. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

गोष्ट खरी आहे. आमच्याच मंडळीतले एकजण बाजारात घड्याळं दुरुस्त करतात, सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. मी पट्टा बदलायला गेलो होतो तेव्हा त्यांनी स्वतःचीच ही गोष्ट आपणहून सांगितली. अर्थात मी नाव घेतलं नाही, धंदाही सांगितला नाही. तेवढी अक्कल मला आहे.

लहानपणी मी उशा मांडून त्यांना उपदेश करायचो आणि तू दहापैकी मार्क द्यायचीस. सोबत उपदेशाची प्रत जोडली आहे. मार्क दे.

तुझाच,
चिमण्या

*

१५ जून

चिमण्या,

सलाम आणि एक पापा.

पत्र पोचलं, उपदेशही पोचला. टाइप करून पाठवलास ते बरं केलंस. तुझं अक्षर वाचायचं म्हणजे कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं असतं.

फोनचं मनावर घेऊ नकोस. तीस वर्षं डोक्यावर हेडफोन चढवून लोकांची सुखदुःखं जोडली, आता कान विटले. पत्र बरं. पत्रातला माणूस मधेच बोलत नाही आणि चहा पीत पीत त्याचं ऐकता येतं. इथला आमचा पाळक भला माणूस आहे, पण बोलताना सारखा हात तोंडाशी नेतो, मिशी सारखी करतो. मग काय कप्पाळ कळणार? मी तिसरा बाक सोडून पहिल्या बाकावर बसायला लागलेय. नर्सबाई म्हणते, आत्याबाई फार भाविक झाल्या. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आता मार्क. उशांना तू जे सांगायचास त्याला मी नऊ द्यायचे, कारण एकेका उशीकडे बघून बोलायचास. याला सहा. रडू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पावलं मोजायचं आलं तेव्हा हातातला कप खाली ठेवला. पण मग माझ्या मनात आलं, तो माणूस त्या दिवशी कुठल्या बाकावर बसला होता? अख्ख्या उपदेशात तू त्याच्याशी बोलतोयस असं कुठे दिसत नाही, त्याच्याबद्दल बोलतोयस. ही गोष्ट सांगू का, असं त्याला विचारलं होतंस का? आणि ज्या एक-दोन माना वळल्या म्हणतोस, त्या कुणाकडे वळल्या?

वेळेवर जेवत जा. उपदेशानं पोट भरत नाही, करणाऱ्याचंही नाही.

आत्या

*

२७ जून

प्रिय आत्या,

सहा! बाबांना तू कधी किती दिलेस ते एकदा कळू दे मला.

विचारलं नव्हतं. पण नाव घेतलंच नाही तर विचारायचं काय? अशा गोष्टी सांगितल्याशिवाय लोकांच्या काळजाला हात कसा घालणार? पुस्तकातली उदाहरणं दिली की माना वळतात, हा माझा तीन महिन्यांचा अनुभव आहे. त्या रविवारपासून लोक मला रस्त्यात थांबवून बोलतात. पलीकडच्या चर्चच्या मंडळीनं पुढच्या महिन्यात उपदेशाला बोलावलंय, तोच उपदेश करा असं सांगून. तू नेहमीच माझ्या पतंगाचा मांजा आखूड ठेवतेस.

एक गंमत सांगतो. चर्चमधलं ते घड्याळ बंद पडलं. चार वाजून दहा मिनिटांवर अडकून बसलंय. त्याला चावी देतं कोण आणि चावी असते कुठे, ते सेक्रेटरींनाही ठाऊक नाही. एवढी वर्षं म्हणे ते आपोआप चालूच असायचं. मला काय, बरंच झालं. गेल्या रविवारी अर्धा तास बोललो आणि कुणाला पत्ता लागला नाही.

तुझा,
चिमण्या

*

२ जुलै

चिमण्या,

लंबकाचं घड्याळ आपोआप चालत नाही. आठवड्याला कुणालातरी स्टुलावर चढून चावी द्यावी लागते. तुझ्या मंडळीत घड्याळाचं काम करणारा माणूस एकच असेल, तर तो किती रविवार आला नाही ते मोज आणि मग मला लिही.

आत्या

*

१५ जुलै

आत्या,

पाच रविवार.

ते मागच्या शेवटच्या बाकावर बसायचे, बरोबर घड्याळाखाली. दर रविवारी उपासनेच्या आधी अर्धा तास येऊन चावी द्यायचे. सेक्रेटरींना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ज्या माना वळल्या त्या त्यांच्याकडे वळल्या होत्या. बाजारातल्या प्रत्येकाला ते शटर माहीत आहे. नाव न घेण्यानं मी फक्त माझी समजूत काढली.

पुढचं लिहायला लाज वाटते. मला एकदम भरून आलं आणि पुढच्याच रविवारी मी पुलपिटावरून माफी मागितली. मनापासून मागितली, आत्या. म्हणालो, मी एका बंधूचं मन दुखावलंय, त्याची जागा रिकामी आहे, त्यानं मला क्षमा करावी. पुन्हा लोक रडले. आणि ज्या चार-दोन जणांना अजून ठाऊक नव्हतं, त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं. उपासना संपल्यावर सात-आठ जण काकांची समजूत घालायला थेट दुकानात जाऊन थडकले. आगीतून निघून फुफाट्यात.

मंगळवारी सेक्रेटरींकडे एक पाकीट आलं. आत घड्याळाची चावी होती. चिठ्ठी नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, आता तुम्हीच देत जा चावी. मला ती कुलपात बंद करवत नाही आणि घड्याळाला लावतही नाही. खिशात घेऊन फिरतोय. पलीकडच्या मंडळीला येत नाही म्हणून कळवलं. मी बोलतो तेव्हा माझं मलाच ऐकवत नाही. हा माणूस परत आला नाही, तर मी या पुलपिटावर कुठल्या तोंडानं उभा राहू ते सांग.

चिमण्या

*

२० जुलै

चिमण्या,

पत्र वाचून आधी तुझा कान पिरगाळावासा वाटला. मग हात गळ्यात टाकावासा वाटला. हात लांब, पत्र जवळ, म्हणून लिहिते.

माफी चारचौघांत मागतात ती चारचौघांसाठी असते. दुखलं एकाचं, आणि औषध तू साठ जणांना पाजलंस. पाळकांना ही खोड असतेच. काहीही झालं की चढले पुलपिटावर. तुझ्या बाबालाही होती, म्हणून तुला एक सांगते. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

मी सव्वीस वर्षांची होते. लग्न ठरलं होतं. तो परगावी नोकरीला होता. एका दुपारी माझ्या बोर्डावर ट्रंक कॉल आला आणि त्यानं आमच्याच घरचा नंबर मागितला. मी त्याचा आवाज ओळखला, त्यानं माझा ओळखला नाही. ऑपरेटरचा आवाज कोण ऐकतो? मी ‘जोडते’ म्हटलं आणि जोडला. नंतर लाइनीतून बाहेर पडायचं असा नियम होता. मी पडले नाही. तो माझ्या वडिलांना सांगत होता की हे लग्न होणार नाही. वडील नुसतेच ‘का, का’ करत होते. तीन मिनिटं झाली. तेव्हा तीन मिनिटांनी आम्हाला विचारावं लागायचं. मी विचारलं, ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ तो म्हणाला, नको.

हे मी फक्त दादाला, तुझ्या बाबाला, सांगितलं होतं. आणि महिन्याभरानं दादानं ते पुलपिटावरून सांगितलं. सोशिकपणावर बोलत होता. नाव नाही घेतलं. गावात एक्स्चेंज एकच, त्यात मुली तीन, त्यातल्या दोघींची लग्नं झालेली. मी तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसले होते. सगळे रडले, आणि मला कुठे बघावं ते कळेना. मी चर्चला जायचं सोडलं, दादाशी बोलायचंही सोडलं.

तो समजवायला आला, त्याच्याकडे तीन मुद्दे होते. मी दार लावून घेतलं. मग एक दिवस माझी ड्यूटी संपायच्या वेळी एक्स्चेंजबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला. मी घरी निघाले, तो शेजारून चालत आला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एवढा बोलका माणूस, गप्प बसून त्याचं पोट फुगत असेल. दोन आठवडे झाले. एक दिवस माझंच तोंड उघडलं. मी म्हटलं, तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून घे. तो म्हणाला, चुकलो गं. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यानं विचारलं की तू चर्चमध्ये नक्की कुठे बसायचीस. सांगितलं. त्या शनिवारी तो जाऊन माझ्या जागेवर बसला, तासभर. पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या जागेवर.

त्याचा आवाज कुठवर पोचतो ते बघायला नव्हता बसत तो, वेड्या. त्याचा आवाज वेशीपर्यंत पोचायचा. इथे बसणाऱ्या माणसाला उद्या माझ्याकडून काय ऐकावं लागेल, ते बघायला बसायचा. त्यानंतर मी त्याला कधी नवाच्या खाली मार्क दिले नाहीत. हेही त्याला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

आता ऊठ आणि दुकानात जा. तोंड घरी ठेवून जा. आणि ही गोष्ट मी तुला सांगितलीय, तुझ्या मंडळीला नाही.

आत्या

*

२४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. बसत होतो, एवढंच.

पहिल्या दिवशी काकांनी भिंग कपाळावर सरकवून विचारलं, काय बिघडलंय? म्हटलं, घड्याळ नाही बिघडलं. ते पुन्हा कामाला लागले. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. काचेच्या कपाटाला रेलून एक तास बसलो आणि उठून आलो. रोज दुपारी तेच. इवले इवले स्क्रू ते चिमट्यानं उचलून बशीत ठेवतात आणि वर पेला पालथा घालतात, धूळ बसू नये म्हणून. पंख्याला बंदी आहे. आत्या, गप्प बसणं इतकं कठीण काम असेल असं वाटलं नव्हतं. जीभ नुसती वळवळत होती.

सहाव्या दिवशी ते मान वर न करता बोलले. म्हणाले, “पाळकसाहेब, तुम्ही सगळ्यांना रडवलंत. मला मात्र रडायला जागा ठेवली नाहीत.” मी म्हणालो, चुकलं माझं. पुढे ‘कारण’ हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळला.

त्यानंतर आठवडाभर पुन्हा शांतता. मग एक दिवस त्यांनी खणातून एक मनगटी घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. थोरल्या भावाचं. जाण्याआधी पंधरा दिवस भावानं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दुरुस्तीला पाठवलं होतं. गावात दुसराही घड्याळवाला आहे, तरी इथेच पाठवलं होतं. काकांनी त्याच दिवशी ते नीट करून ठेवलं आणि वाट पाहत बसले, की न्यायला तो स्वतः येईल. आपण नेऊन दिलं नाही. अंत्ययात्रा आली तेव्हा ते घड्याळ त्यांच्या हातात टिकटिक करत होतं. शटर रागानं ओढलं नव्हतं. लोकांसमोर ते हातात घेऊन उभं राहणं त्यांना जमेना, म्हणून ओढलं होतं. मी उपदेशात त्या जागी ‘मन कठोर केलं’ असं म्हटलं होतं. निम्मी गोष्ट ऐकून पळालो होतो, आत्या. पट्टा बदलून होताच पळालो होतो.

ते रोज त्याला चावी देतात, दीड वर्ष झालं.

गेल्या बुधवारी त्यांनी दुपारी दुकान बंद केलं आणि मला विचारलं, वहिनीकडे जायचंय, येता का? बोलायचं काही नाही, म्हणाले. रस्ता ओलांडला की घर. वहिनींनी दार उघडलं आणि कडी धरून उभ्याच राहिल्या. काकांनी आत जाऊन टेबलावर घड्याळ ठेवलं आणि म्हणाले, दुरुस्त झालंय. वहिनींनी ते उचलून कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग विचारलं, कधी झालं? “दादा होता तेव्हाच झालं होतं,” काका म्हणाले, आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. वहिनींनी चहा टाकला. मी मधे बसलो होतो. माझी कुणालाच गरज नव्हती. माझा कप गार झाला तरी मी तो धरून बसलो होतो.

परत येताना त्यांनी विचारलं, चावी कुठाय? खिशातून काढून दिली. रविवारी सकाळी चर्चचं दार उघडलं आणि टिकटिक ऐकू आली. पावणेनऊ झाले होते, घड्याळातही पावणेनऊच. काका शेवटच्या बाकावर बसले होते.

हे सगळं तुला लिहू का, असं मी त्यांना आधी विचारलं. म्हणाले, आत्यांना लिहा. बाकी कुणाला नको.

तुझा,
चिमण्या

*

३० ऑगस्ट

चिमण्या,

पत्र चार वेळा वाचलं. नर्सबाईला वाटलं कुणी गेलं की काय. म्हटलं, नाही गं, आलंय कुणीतरी परत.

येत्या दहा-बारा दिवसांत एका रविवारी तुझ्याकडे येते. बसनं येईन. स्टँडवर घ्यायला ये, पण पाठीमागून हाका मारत बसू नकोस, समोर येऊन उभा राहा. आणि चर्चमध्ये मला पहिल्या बाकावर जागा ठेव, खिडकीकडची. उजेड बरा पडतो.

आत्या

*

१६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पोचल्याचं पत्र नर्सबाईंकडून आलं, तुझं नाही.

तू आलीस त्यानं माझं घर भरलं. पण खरं सांगू का, मी जरा हिरमुसलोय. उपदेश झाल्यावर तू माझा हात धरलास, हसलीस, आणि ‘चल, भूक लागली’ म्हणालीस. जेवताना मी विषय काढला तर तू भाजीचं कौतुक केलंस. शेवटी स्टँडवर तुझी बॅग घेऊन मागे चालताना मी दोनदा विचारलं, आत्या, किती मार्क? तू मान न वळवता तशीच चालत राहिलीस. इतका वाईट झाला का? माइक लावला नव्हता म्हणून ऐकू आलं नाही का? मी मुद्दामच नव्हता लावला. शनिवारी सगळ्या बाकांवर बसून झालं होतं, प्रत्येकाशी बोलायचं तर माइक मधे कशाला, असं वाटलं. चुकलं असेल तर चुकलं म्हण. सहा दे, चार दे, पण काहीतरी दे.

इथे सगळं ठीक. घड्याळ चालू आहे. मी मिशी राखायला सुरुवात केलीय. सेक्रेटरी म्हणतात, मी जरा भारदस्त दिसतो.

चिमण्या

*

२२ सप्टेंबर

माझ्या चिमण्या,

तू स्टँडवर मागून विचारलंस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला ऐकू येत नाही, बाळा. तुझा उपदेशही मी एक अक्षर ऐकलेला नाही. माइक असता तरी ऐकला नसता.

दोन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. आता दाराची घंटीही कळत नाही. यंत्र लावून पाहिलं, त्यातून नुसती खरखर येते. समोरचा माणूस उजेडात असला की ओठांवरून थोडंफार समजतं, म्हणून पहिला बाक, म्हणून खिडकी. म्हणून आमच्या पाळकांच्या मिशीवर माझा राग. आणि म्हणून तुझा फोन उचलत नाही. वाजतो कधी तेच कळत नाही, तर उचलू काय?

सांगितलं नाही, कारण लाज वाटली. जिनं जन्मभर कानांवर पोट भरलं, तिचे कानच गेले, हे कुणाला सांगायचं? आणि दुसरं म्हणजे, तू मला धीर द्यायला धावत येशील आणि तीन मुद्दे सांगशील, याची भीती वाटली. आता वाटत नाही.

तर मी काय पाहिलं ते ऐक. तू उभा राहिलास आणि आधी शेवटच्या बाकाकडे पाहिलंस. तिथे घड्याळकाका सापडल्यावर तुझे खांदे खाली आले. मग सेक्रेटरींकडे पाहिलंस, मग त्या तान्हं मूल घेऊन बसलेल्या मुलीकडे, मग एकेक बाक करत पुढे आलास. कुणाला सोडलं नाहीस. मधे एका ठिकाणी तू थांबलास. काय म्हणालास ते ठाऊक नाही. पण सात वर्षांचा असताना माझा चष्मा फोडून तू आपणहून सांगायला आला होतास, तेव्हा जसा चेहरा होता अगदी तस्साच झाला. तो चेहरा करून माणसाला खोटं बोलता येत नाही. मग मी मागे वळून पाहिलं. म्हातारी बाई, मला कोण काय म्हणणार? घड्याळकाका तुझ्याकडे बघत होते. मंडळीतली एकही मान मागे नव्हती. अख्ख्या चर्चमध्ये वळलेली मान एकटी माझी, आणि ती काही वेळ बघायला वळलेली नव्हती.

मार्क नऊ. एक कापला तो मिशीचा.

ही गोष्ट माझी आहे, चिमण्या. मी सांगेन तेव्हा सांगेन. तोवर तुझ्या खिशात राहू दे.

तुझी,
आत्या

*

२८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मिशी काढली.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा फोनकडे धावलो, मग हात मागे घेतला आणि तिथेच खाली बसून रडलो. दर गुरुवारी उपदेश टाइप करून तुला पाठवत जाईन. तू आधी वाच, काय राहिलं ते सांग.

काल शनिवार होता. घड्याळकाका घड्याळाच्या चाकांना तेल द्यायला आले होते. मी पहिल्या बाकावर, खिडकीकडे, तुझ्या जागेवर जाऊन बसलो, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आणि काकांना म्हटलं, जरा पुलपिटावर उभं राहून काहीतरी वाचता का? त्यांनी सूचनांची वही उघडून वाचायला सुरुवात केली. वर बघायचे तेव्हा चार शब्द हाती लागायचे. खाली वहीत बघायचे तेव्हा सगळं जायचं. मी निम्मा उपदेश कागदात बघून करतो, आत्या. दोन वर्षं तू असं निम्मं निम्मं गोळा करत बसलीस.

काकांनी वाचणं थांबवून मला काहीतरी विचारलं. मी कापूस काढला. ते विचारत होते, हे काय चाललंय? आणि मिशी का काढली? एवढी चांगली येत होती.

मी म्हणालो, “काका, कारण आहे. पण ते माझं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, म्हणाले, “बरं. आणखी वाचू?”

वाचा म्हणालो, आणि कापूस परत कानांत घातला.

तुझाच,
चिमण्या